सदेह नमस्कार आणि एका बादलीची उष्णता

मेहरूण, जळगाव.
आखाजीनंतरचा शुक्रवार, सकाळी (ऊन चढायच्या आत लिहून होईल तेवढं खरं).

तीर्थरूप नवलनाना यांच्या चरणी धाकटा भाऊ प्रेमराज याचा साष्टांग आणि सदेह नमस्कार.

'सदेह' हा शब्द घाईत पडलेला नाही, विचार करून घातला आहे. नाना, मी जिवंत आहे. बातमी उठली त्या संध्याकाळी फोनवर हेच सांगायला गेलो तर माझा आवाज ऐकून तुम्ही 'राम राम राम' म्हणत फोन वहिनींच्या हातात दिलात, आणि वहिनींनी तो (हे मला आवाजावरून कळलं) दळणाच्या डब्यात टाकून वरून झाकण लावलं. डब्यातून मी बराच वेळ बोलत होतो. तुमचं चुकलं असं मी म्हणत नाही, दुपारी ज्याच्या नावाने आंघोळ केली त्याचा संध्याकाळी फोन आला तर मीही घाबरलो असतो. म्हणून हे पत्र. अक्षर नीट बघा. जन्मभर एस.टी. स्टँडवर गाड्यांच्या वेळा फळ्यावर लिहिल्या, त्यामुळे माझा 'ळ' अजून खडूने काढल्यासारखा येतो. तेवढ्यावरून ओळख पटावी. पत्र शिरपूर गाडीच्या कंडक्टरच्या हाती देणार आहे, पोस्टाने पाठवलं तर तोवर तुम्ही माझा दहावा उरकून घ्याल ही धास्ती आहे.

तुमचा गुडघा कसा आहे? वहिनींच्या पायाची सूज उतरली का? उन्हात शेताकडे जाऊ नका, जायचंच झालं तर कानाला उपरणं बांधा (पण कानात कापूस मात्र घालू नका, त्याचं कारण पुढे येतं). दूध, तेल, गोडधोड जे काही माझ्यापायी बंद केलं असेल ते आजच सुरू करा. दाढी करून घ्या. आणि भाऊबंदांच्या ग्रुपवर तुम्ही माझ्याबद्दल जे लिहिलंत, की 'आमचा प्रेमराज लहानपणापासून भित्रा होता, पण मनाने सोनं होता', ते मी चारदा वाचलं. हयातीत असं कधी बोलला नाहीत हो. भित्रा म्हणालात, ते मात्र शंभरदा. आता ते पुसून टाका म्हणावं तर मनही होत नाही. 'होता'च्या जागी 'आहे' करता आलं तर बघा.

आता मुळापासून सांगतो. तुम्हाला माहीतच आहे, कोकिळा दिवाळीनंतर गेली, त्यामुळे यंदाची अक्षय्य तृतीया, आपली आखाजी, तिच्याविना पहिलीच. तिच्या नावाची घागर भरायची होती. ऋतिका आखाजीला येणार हेही ठरलेलं होतं, पण सणाच्या आदल्या दिवशी यायची ती आठवडाभर आधीच दारात उभी. एकटी. हातात मोठी बॅग. भूपेंद्रराव बरोबर नाहीत. मी विचारलं, जावईबापू कुठे? तर म्हणाली, धुळ्याला आहेत आणि मला त्यांचा विषय नको. नाना, मी बॅग आत नेऊन ठेवली आणि बोटांवर महिने मोजले. लग्नाला वर्षही झालेलं नाही. स्थळ तुम्ही आणलेलं, मुलगा निर्व्यसनी, धुळ्याच्या दूध प्रकल्पात बॉयलर सांभाळतो, आईबाप सालस. मग पोरगी बॅग घेऊन का आली? आई असती तर आईच्या कुशीत शिरून बोलली असती. बापाजवळ मुली बॅग ठेवतात, कारण सांगत नाहीत.

रात्रभर तळमळून दुसऱ्या दिवशी चहाच्या वेळी मी पुन्हा विषय काढला, तेव्हा कुठे तिने सांगितलं. भांडण गरम पाण्यावरून. तिची पद्धत आपल्या घरची, म्हणजे गिझर पार कढत होईपर्यंत चालू ठेवायचा, थोडं उकळतं पाणी बादलीत घ्यायचं आणि वरून गार पाण्याचं विसण घालायचं. भूपेंद्ररावांचं म्हणणं, विसण घालून गार करायचंच आहे तर आधी उकळायचं कशाला? आंघोळीला लागतं तेवढंच कोमट करावं, उष्णता वाचते. तिने ऐकलं नाही म्हणून त्यांनी फ्रिजच्या दारावर खडूने गणित मांडून दाखवलं. वीस लिटरची बादली, पाणी सुरुवातीला पंचवीस अंश, आंघोळीला हवं चाळीस अंश. ती म्हणाली, मग त्या गणितानेच आंघोळ करा, आणि बॅग भरली. एवढंच. मी म्हटलं, एवढ्यावरून कुणी घर सोडतं का? ती म्हणाली, पप्पा, प्रश्न पाण्याचा नाही, कोण बरोबर याचा आहे. जोवर ते ठरत नाही तोवर मी इथून हलत नाही. आणि आत जाऊन सांजोऱ्यांसाठी रवा भाजायला लागली.

आता मला सांगा, बापाने काय करावं? जावयाला फोन करून 'तुमचं चुकलं' म्हणण्याची माझी छाती नाही. पोरीला 'तुझं चुकलं' म्हणावं तर ती आईविना पोर. मी विचार केला, की हे गणित आहे, गणितात कोणाची तरी एकाची बाजू खरी निघतेच. आपण सोडवावं. ऋतिका चुकत असेल तर प्रेमाने समजावू. जावई चुकत असतील तर (देव करो तसं न होवो) तुम्हाला सांगू, तुम्ही त्यांना समजवाल. ऋतिकाचं दहावीचं विज्ञानाचं पुस्तक माळ्यावरून काढलं. उष्णतेचा धडा काढला. नाना, मी आयुष्यात गाडीच्या इंजिनात पाणी तापलेलं पाहिलंय, त्यापलीकडे माझा आणि उष्णतेचा संबंध नाही. पण धडा सोपा निघाला. एक लिटर पाणी एक अंशाने तापवायला एक किलोकॅलरी लागते. पाणी किती लिटर, वाढवायचे अंश किती, दोघांचा गुणाकार. झालं. वीस लिटर, पंचविसाचं चाळीस करायचं म्हणजे पंधरा अंश, वीस पंधरे तीनशे. भूपेंद्ररावांच्या कोमट पाण्याला तीनशे किलोकॅलरी. मला इतका आनंद झाला की मी टेबलावर थाप मारली, तर ऋतिका धावत आली, तिला वाटलं मी पडलो.

मग ऋतिकाच्या पद्धतीचं मांडलं. पाणी उकळायचं म्हणजे शंभर अंश. पंचविसापासून शंभर, पंचाहत्तर अंश वाढ. वीस पंचाहत्तरे पंधराशे. इथेच पाचपट झालं आणि मला घाम फुटला. पण पान उलटलं तर पुढे आणखी होतं, की उकळत्या पाण्याची वाफ व्हायला लिटरमागे आणखी पाचशे चाळीस लागतात, त्याला अप्रकट उष्मा म्हणतात. मी म्हटलं, पाणी उकळलं म्हणजे वाफ आलीच, काहीही गाळायला नको, उद्या जावई विचारतील. वीस गुणिले पाचशे चाळीस, दहा हजार आठशे. त्यात आधीचे पंधराशे. एकूण बारा हजार तीनशे! तीनशेच्या जागी बारा हजार तीनशे, म्हणजे एकेचाळीस पट! माझी पोरगी सासरी रोज एकेचाळीस आंघोळींची उष्णता फुकट घालवते. मी डोकं धरून बसलो. (सगळ्या बादलीची वाफ झाल्यावर ती आंघोळ कशाने करते हा प्रश्न मला त्या वेळी पडला नाही. काळजीत माणसाला नको ते सुचतं आणि हवं ते सुचत नाही.) त्या रात्री जेवण गेलं नाही. उद्या भूपेंद्ररावांनी हा आकडा काढला तर ते पोरीला परत नेतील तरी का?

मग वाटलं, पुस्तकावर भरवसा नको, स्वतः तापवून बघू. घरात तापाचा थर्मामीटर होता. तो टाकीच्या नळाखाली धरला तर पारा सरसर वर चढून टोकाला जाऊन बसला. माणूस असता तर त्याला दवाखान्यात न्यावं लागलं असतं. पुढे चहाच्या उकळत्या पाण्यात धरला, तेव्हा तो फुटला. चहा मोरीत ओतला, पातेलं फेकलं, ऋतिकाने मला पारा पोटात गेल्यावर काय होतं यावर अर्धा तास ऐकवलं, आणि पुढचे दोन दिवस मी दर तासाला जीभ आरशात बघत होतो. शेवटी बाजारात जाऊन प्रयोगशाळेत वापरतात तसला लांब थर्मामीटर आणला. टाकीचं पाणी भर दुपारी मोजलं, एकेचाळीस अंश! आता आली का पंचाईत? गणितात पाणी सुरुवातीला पंचवीस अंश आहे. आमचं पाणी तापवायच्या आधीच चाळीसच्या पुढे. त्यात चाळीसपर्यंत तापवायचं म्हणजे उणे एक अंश तापवायचं. हे गणित मला कुणी शिकवलेलं नव्हतं. मी निर्णय घेतला, की आधी पाणी पंचवीस अंशांपर्यंत गार करायचं आणि मग तापवायचं. रात्री माठात भरून ठेवलं, सकाळी मोजलं तर तीस. माठाला ओलं फडकं गुंडाळलं, तरी अठ्ठावीसच्या खाली उतरेना. म्हणून बर्फ आणायचं ठरलं. (कोकिळा असती तर कोपर बुडवून 'झालं, घ्या आंघोळीला' म्हणाली असती, आणि मी घेतली असती.)

आता घात झाला तो दिवस. आखाजी होऊन गेलेली, तिच्या नावाची घागर भरून झालेली, मन जरा रिकामं होतं. घरात गॅसवर प्रयोग करायला ऋतिकाने मनाई केली होती, म्हणून दारासमोर कडुनिंबाच्या सावलीला मी तीन विटा मांडल्या, कपाशीच्या पऱ्हाट्या पेटवल्या आणि मोठ्या पातेल्यात पाणी चढवलं. हे पाणी नुसतं किती पऱ्हाट्यांत उकळतं ते बघायला होतं, खरं पाणी माठात गार होत होतं. ऋतिकाला म्हटलं, तू कय्युमभाईच्या गाडीवरून बर्फाची लादी आण, मी जरा पडतो. कय्युमभाई म्हणजे आमच्या कोपऱ्यावरचे बर्फ-सरबतवाले, सज्जन माणूस. घरात भट्टी पेटल्यासारखं होत होतं, म्हणून मी सतरंजी काढून नुसत्या फरशीवर आडवा झालो, पांढरं धोतर भिजवून डोक्यापासून पायापर्यंत अंगावर ओढलं, आणि झळ लागू नये म्हणून कानात कापूस घातला. नाना, मी जे जे केलं ते प्रत्येक जळगावकर उन्हाळ्यात करतो. पण हे सगळं एकदम आणि दारात पाणी तापत असताना कुणी करत नाही, हे मला नंतर कळलं.

आपल्याकडे भर दुपारी दारासमोर तीन विटांवर पाणी कधी तापतं, ते मी तुम्हाला काय सांगू? कोकिळेच्या शेवटच्या आंघोळीचं त्याच जागी तापलं होतं. समोरच्या झुंबरबाईंनी खिडकीतून पातेलं पाहिलं. जाळाजवळ कुणी नाही. त्या ओट्यावर आल्या, दार उघडंच, आत डोकावल्या, तर मी. फरशीवर. पांढऱ्यात. डोक्यावरचं धोतर थोडं सरकलं होतं, तर कानात कापूस. त्यांनी तिथेच बसकण मारली आणि 'माय वं, कोकिळामांगे प्रेमराज आबा बी ग्यात वं!' असा टाहो फोडला. मला काही ऐकू आलं नाही, कापूस चांगला दाबून भरला होता. तिकडे ऋतिका कय्युमभाईंना घाईघाईत म्हणाली, पप्पांसाठी बर्फ हवाय, अख्खी लादी द्या. कय्युमभाईंनी एकदा तिच्या तोंडाकडे पाहिलं, (पऱ्हाट्यांच्या धुराने तिचे डोळे लाल झाले होते), डोक्यावरची टोपी नीट केली, एक शब्द न विचारता गाडीवरची सगळी सरबतं झाकली, एकाऐवजी तीन लाद्या हातगाडीवर घातल्या आणि म्हणाले, बेटी, तू आगे चल. ऋतिकाला वाटलं, किती भला माणूस, घरपोच देतो आहे.

इकडे मला जाग आली ती घामाने. उठून बसलो. बघतो तर खोलीत बायका, ओट्यावर पुरुष, कुणीतरी माझ्या पायाशी उदबत्ती लावत होतं. माझ्या मनात पहिला विचार आला, अरे देवा, कोण गेलं? कानातला कापूस काढून मी तसंच विचारलं. त्यासरशी जी पळापळ झाली ती बघण्यासारखी होती. उदबत्तीवाला उदबत्तीसकट खिडकीतून गेला. झुंबरबाई तेवढ्या हलल्या नाहीत, कारण त्यांना उठताच येईना. त्यांनी मला लांबूनच विचारलं, 'आबा, तुम्ही जित्ता शेतस का?' मी म्हटलं, 'जित्ता शे ना माय, पानी तपाडी राह्यनू.' त्यावर त्या इतक्या चिडल्या, की मेलो असतो तर बरं झालं असतं असं मला वाटून गेलं. त्यांचं म्हणणं, एवढ्या उन्हात घसा फोडून रडवलं, त्याचं काय?

इथवर हसण्यासारखं आहे, तुम्हीही हसला असाल. पण तेवढ्यात ऋतिका कोपऱ्यावरून वळली. तिला दिसली दारासमोरची गर्दी, तीन विटा, वाफाळतं पातेलं. नाना, तिने जी किंकाळी फोडली ती माझ्या अजून कानात आहे. चपला रस्त्यावर टाकून ती धावत आली, माणसं ढकलत आत शिरली, आणि मी बसलेला दिसलो तरी तिला खरं वाटेना, माझं तोंड दोन्ही हातांनी चाचपत राहिली. मग जी रडली! आणि रडता रडता मला पाठीत बुक्क्या मारल्या, लहानपणी मारायची तशा. सगळ्यांसमोर मीही रडलो. तुम्हाला सांगायला लाज कसली? त्या क्षणी मला बारा हजार तीनशे आणि तीनशे दोन्ही विसरायला झालं. मागून कय्युमभाई बर्फाची गाडी घेऊन आले, मला बघून जागीच थबकले, आणि 'या अल्लाह' म्हणत त्यांनी मला असं आवळलं की बरगडी अजून दुखते आहे. (ही बरगडी दाखवावी की काय, या विचारात आहे. डाव्या बाजूची आहे.) मग त्याच बर्फाचं त्यांनी जमलेल्या सगळ्यांना सरबत पाजलं. लोक रडायला आले होते, कैरीचं पन्हं पिऊन गेले.

पण बातमी थोडीच थांबते? ती तोवर ग्रुपवर जाऊन पोचली होती, कुणी टाकली ते कुणी कबूल करत नाही. फैजपूरची मंडळी जीप करून निघाली, ती भुसावळवरून परत फिरवली. आणि धुळ्याला भूपेंद्ररावांना कळलं. ऋतिकाचा फोन घरात चार्जिंगला लावलेला, त्यांनी केले ते फोन कुणी उचललेच नाहीत. मग ते वाटेत कुठे थांबून ग्रुप बघत बसलेच नाहीत. दुपारच्या रखरखाटात धुळ्याहून मोटरसायकलवर आले हो! तोंड करपलेलं, एका पायात बूट, दुसऱ्या पायात घरातली सपात. मी ओट्यावर बसून पन्हं पीत होतो. त्यांनी गाडी स्टँडला न लावता तशीच आडवी टाकली आणि माझ्या पायांवर डोकं ठेवलं. नाना, माणूस खरा आहे. स्थळ चांगलं आणलंत. मी त्यांना उठवलं, पन्हं दिलं, आणि धीर करून खिशातला कागद काढून म्हटलं, जावईबापू, आता आलाच आहात तर हे गणित एकदा बघून घ्या.

त्यांनी डोळे पुसून कागद वाचला. बारा हजार तीनशेपाशी थांबले. त्यांना ठसका लागला (पन्ह्याचा असावा). मग म्हणाले, पप्पा, तिला अख्खी बादली उकळायची नसतेच, वाफ तर मुळीच करायची नसते. चारच लिटर उकळतं घ्यायचं, त्यात सोळा लिटर गार विसण घातलं की वीस लिटर पाणी बरोबर चाळीस अंशांचं होतं. आता चार लिटरचं मांडा. मी मांडलं. चार लिटर, पंचाहत्तर अंश. चार पंचाहत्तरे तीनशे! नाना, तीनशेच! कोमट करा नाहीतर उकळून विसण घाला, उष्णता तेवढीच! माझ्या अंगावर काटा आला. दोघांपैकी कुणीही चुकलेलं नव्हतं. मी ऋतिकाला हाक मारली, दोघांना समोरासमोर उभं केलं, आणि स्टँडवर गाडी पुकारायच्या आवाजात निकाल सांगितला, की दोन्ही पक्ष बरोबर, भांडण संपलं, उद्याच्या गाडीने दोघांनी धुळ्याला जावं.

आणि इथेच माझी खरी काळजी सुरू होते. भांडणाचं मूळच गेलं म्हटल्यावर पोरीने बॅग भरायला नको का? ती पन्ह्याचे पेले विसळत राहिली. भूपेंद्ररावच म्हणाले, पप्पा, यात भांड्याने खाल्लेली उष्णता धरलेली नाही, गिझरच्या टाकीतून बाहेर जाते ती धरलेली नाही, त्यात दोघांचा फरक पडेल. ऋतिका लगेच म्हणाली, मग तेही ठरल्याशिवाय मी येणार नाही. मला वाटलं, आता पुन्हा जुंपली. दोघं मागच्या ओट्यावर गेले, मी दाराच्या फटीतून पाहिलं तर पाठमोऱ्या दोघांचेही खांदे हलत होते. रडत असावेत. माझ्याच्याने बघवेना, मी पुढे येऊन बसलो. भूपेंद्रराव सकाळी एकटेच गेले. तेव्हापासून रोज जेवणं झाली की त्यांचा मला फोन येतो. मला, ऋतिकाला नाही! आज भांडं किती ग्रॅमचं निघालं, पऱ्हाट्या किती जळल्या, झाकण ठेवून किती वेळ लागला आणि काढून किती. मी पहाटे उठून पाण्याचे अंश घेतो, दुपारी घेतो, संध्याकाळी घेतो, त्यांना सांगतो. ते म्हणतात, छान, आता उद्या पितळेच्या भांड्यात बघा. बायकोशी अबोला धरून सासऱ्याशी तासभर बोलणारा जावई मी तरी पाहिला नाही. हे लक्षण बरं की वाईट, तुम्हीच सांगा.

असो. पत्र लांबलं. वहिनींना नमस्कार, त्यांना म्हणावं फोन पिठातून काढा, पीठ चाळून घ्या. थोरामोठ्यांच्या पुण्याईने आणि झुंबरबाईंच्या रागाने मी सुखरूप आहे. खोटी बातमी उठली की आयुष्य वाढतं म्हणतात, पण त्याने रक्तदाब उतरतो असं कुणी म्हटलेलं ऐकलं नाही.

आपला आज्ञाधारक (आणि हयात) धाकटा भाऊ,
प्रेमराज

ता. क. – फैजपूरच्या काकांना तुम्हीच कळवा. ते माझ्यावर रागावलेत. भुसावळवरून परत फिरावं लागलं म्हणून.

ता. क. दुसरा – वरचं सगळं खरं, पण पत्र त्यासाठी नव्हतं. नाना, तुम्ही रविवारी या. गुडघा दुखत असेल तर गाडीत पुढची सीट सांगून ठेवतो, शिरपूर स्टँडवर माझी अजून ओळख आहे. आलात की ऋतिकाला एकटीला बसवून विचारा, की बाळा, तुला जायचं आहे की नाही? मला विचारवत नाही. 'नाही' म्हणाली तर तिच्या संसाराचं काय, या विचाराने माझी झोप जाईल. आणि 'हो' म्हणाली तर... घरात पुन्हा मी एकटा, नाना. मला दोन्ही उत्तरांची भीती वाटते. तुम्ही विचारा आणि मला हळूच सांगा.

ता. क. तिसरा – दुसरा ता. क. ऋतिकाला कळू देऊ नका. पाकीट चिकटवायला खळ शिजवते आहे ती, तेवढ्यात लिहिलं.

*

नाना, मी ऋतिका. पाकीट चिकटवायच्या आधी वाचलं, रागावू नका. पप्पा पितळी पातेल्याचं वजन करून आणायला कय्युमचाचांच्या गाडीवर गेलेत, तेवढ्यात लिहिते.

भांडण झालेलंच नाही. आई गेल्यावर पप्पा फोनवर दोनच शब्द बोलायचे, 'हो, जेवलो.' झुंबरमावशी सांगायच्या की संध्याकाळी घरात दिवासुद्धा लागत नाही. काळजीने आले असं मी म्हटलं असतं तर त्यांनी दुसऱ्या दिवशीच्या पहिल्या गाडीत बसवून दिलं असतं, तुम्हाला माहीतच आहेत. भूपेंद्र म्हणाला, पप्पांची काळजी करू नकोस, त्यांना आपली करू दे. गिझरचं त्यानेच सुचवलं. मी म्हटलं, एप्रिल महिन्यात धुळ्यात गिझर कोण लावतं, पप्पा क्षणात ओळखतील. नाही ओळखलं. त्या दिवशीच्या गोंधळात मात्र मी खरंच मेले होते, आणि भूपेंद्रही. मागच्या ओट्यावर आम्ही हसत होतो की रडत होतो, ते आम्हालाही सांगता येणार नाही.

ते आता दोन वेळा जेवतात. पहाटे उठतात, अंगणात येतात, गल्लीतली माणसं थांबून त्यांना आजचा अंश विचारतात. पण माझी रजा संपली, सोमवारी मला कामावर हजर व्हायचं आहे. तुम्ही रविवारी याच, आणि महिनाभर राहा. मला काही विचारू नका, माझं उत्तर 'हो' आहे. फक्त येताना त्यांच्यासाठी एखादी काळजी घेऊन या, नाना. तुमची, शेताची, कुणाचीही. खोटी चालेल.